खुशीची बरणी

भगवानराव ढोले यांच्या हातून उभ्या आयुष्यात एकच शब्द चुकला, आणि तो त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून लिहिला होता. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे किती लागलं असेल, ते ज्याचा मसुदा कधी साहेबाकडून शेरा मारून परत आला आहे त्यालाच कळेल. भगवानरावांचा मसुदा कधी परत आला नव्हता. पाणी कालव्यातून वाहो न वाहो, त्यावरची त्यांची टिपणी मात्र खळखळ वाहायची, असं खात्यात बोललं जाई.

बाभुळगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर. समोरच्या खोलीची खिडकी फोडून मोठी केली, फळी ठोकली आणि तिथे त्यांनी चहा-कॉफीचं काउंटर काढलं. टेबल-खुर्ची नाही, फळीवरून गिलास उचलायचा, उभ्याने प्यायचा आणि चालू लागायचं. लोक म्हणाले, पेन्शन पुरत नसेल. पेन्शन पुरत होती. घरात बोलणं पुरत नव्हतं.

उर्वशी, त्यांची एकुलती एक लेक, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपुरात वारली. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. भगवानरावांनी तिला लांबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पाहिली. कोकिळाबाईंनी तेवढीही पाहिली नाही. नवरा-बायको परत आले तर गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. कोणी भेटायला आलं नाही, येऊ शकतही नव्हतं. पुढे बांबू निघाले, पण तोवर लोकांना लाज वाटू लागली होती. इतक्या दिवसांनी जाऊन काय बोलायचं, म्हणून आज-उद्या करत सगळे राहिले ते राहिलेच. कोकिळाबाई रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. गल्लीशी बोलायच्या थांबल्या. नाव कोकिळा, आणि भाजीवाल्याला वांगी बोटाने दाखवायच्या.

तेव्हा भगवानरावांनी कारकुनी डोकं चालवलं. माणसं आपण होऊन घरी येत नाहीत ना, मग त्यांना चहा विकावा. खिडकीशी चार जण उभे राहतील, राजकारण बोलतील, कपाशीचा भाव बोलतील. भिंतीमागे स्वयंपाकघरात कोकिळाबाईंच्या कानावर पडेल. आणि कधीतरी त्या दारात येऊन म्हणतील, आज साखर कमी पडली. एवढ्या एका वाक्यासाठी या माणसाने सिमेंट, फळी, गॅस आणि दोन माणसांचा पगार असा खर्च केला. वाक्य मात्र अजून आलं नव्हतं.

चहा करायला रामधन राठोड होता. त्याचा चहा असा की पिणारा गिलासाच्या तळाशी काही राहिलं का ते वाकून बघे. काउंटरवर सलोनी होती, बी.कॉम. झालेली आणि सहा महिने पुण्याला राहून आलेली. पुण्याला राहून आलेला माणूस गावात जे जे बदलायला निघतो ते सगळं सलोनीच्या मनात होतं, पण अडचण आली ती चिल्लरीवरून. गिऱ्हाईक उरलेले सुटे पैसे फळीवर सारून सलोनीला म्हणे, “राहू दे तुले.” मागे रामधनची पळी भांड्यावर जोरात आपटे.

“चहा म्या उकळाचा, हात म्या भाजून घ्याचे, अन् खुशी हिले!” रामधन एक दिवस म्हणालाच. चहापाण्याच्या वरकड पैशाला तो खुशी म्हणे. त्याच्या बापाच्या काळापासून मालक कामावर रिझला की खुशी देई, हा त्याचा शब्द.

“काका, पुण्यात काउंटरवर बरणी ठेवतात,” सलोनी म्हणाली. “ज्याला टिप द्यायची तो त्यात टाकतो. संध्याकाळी दोघांत सारखी.”

भगवानरावांना कल्पना पटली, पण पलीकडच्या कृषी केंद्राचे पंजाबराव यांना विचारल्याशिवाय गल्लीत खिळासुद्धा ठोकला जात नसे. पंजाबराव बियाण्याच्या पिशव्या सोडून आले, बरणीची कल्पना ऐकली आणि गंभीर झाले.

“एक सांगा भगवानभाऊ. गिलास म्या उचलला, फुंकलाबी म्याच, उभा राहून पायबी माह्येच दुखले. मंग टिप कोणं कोणाले द्याची?”

हा प्रश्न खरोखर बिनतोड होता. भगवानरावांनी त्यावर रात्रभर विचार केला आणि तत्त्वाचा भाग सोडून ते शब्दाकडे वळले. ‘टिप’ इंग्रजी, बाद. ‘बक्षिसी’ म्हणजे घेणाऱ्याला मुजरा करावासा वाटणार. ‘चहापाणी’ लिहायला काहीच हरकत नव्हती, पण सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या खिडकीवर तो शब्द दिसला असता तर गाव पोट धरून हसलं असतं. ‘दक्षिणा’ला रामधन आणि सलोनी दोघेही पात्र नव्हते. राहता राहिला रामधनचा शब्द. घरगुती, मानाचा, कोणाच्या बापाचं काही न लागणारा. भगवानरावांनी चिठ्ठी लिहिली:

‘खुशीसाठी. आपल्या ऐपतीप्रमाणे सढळ हाताने सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

बरणी रामधनने आणली. एका बिस्किटवाल्याची रिकामी प्लास्टिकची बरणी, तिच्यावर दोन वेण्या घातलेल्या, हसऱ्या मुलीचं चित्र. चिठ्ठी चित्राच्या बरोबर खाली बसली. भगवानरावांनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्यांना समाधान वाटलं. त्या क्षणी पाटबंधारे खात्यातल्या शिपायालाही जे दिसलं असतं ते त्यांना दिसलं नाही.

बरणी चालली. अशी चालली की सलोनीसुद्धा चकित झाली. बरणीपाशी माणूस कसा वागतो हे बघण्यासारखं असतं. काही जण कोणी पाहत नसेल तर टाकत नाहीत. सलोनीची पाठ असली की खाकरतात, ती वळली की मग नाणं सोडतात. एक मास्तर नोट टाकून सुटे उचलून घ्यायचे आणि “बराबर झालं न?” असं बरणीलाच विचारायचे. पण बाभुळगावात काही वेगळंच घडत होतं. लोक टाकण्याआधी पायातली चप्पल सैल करत. एक बाई नाणं कपाळाला लावून टाकून गेली. चहाची चव एवढी देवाला पोचली असेल असं भगवानरावांना वाटलं नव्हतं, पण स्तुती कोणाला नको असते?

एक दिवस एका शेतकऱ्याने गिलास खाली ठेवून हळूच विचारलं, “कशी हाय जी खुशी?”

“सकाळी काही नसते,” भगवानराव मोकळेपणाने म्हणाले. “संध्याकाळकडे वाढते.”

“तापाचं तसंच राह्यते,” तो माणूस म्हणाला आणि मान हलवत निघून गेला. भगवानरावांना वाटलं, हवामानाबद्दल बोलला.

उलगडा पंजाबरावांनी केला. ते बियाण्याचं गिऱ्हाईक सोडून आले, आजूबाजूला पाहिलं आणि भगवानरावांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता.

“भगवानभाऊ, एवढं मोठं संकट, अन् शेजाऱ्याले सांगतलं नाई? उर्वशीची पोरगी नागपुरात दवाखान्यात हाय, सासरच्याईनं हात वर केले, तुमी चहा इकून इलाज करून राह्यले, हे मले चहाले येनाऱ्या जमनाबाईकडून कळाव?”

भगवानरावांच्या हातून गाळणं पडलं.

“कोणाची पोरगी?”

“खुशी. तुमची नात. फोटोच लावला न तुमी.”

भगवानरावांनी बरणीकडे पाहिलं. दोन वेण्यांची मुलगी हातात बिस्किट घेऊन हसत होती. मग त्यांनी दबक्या आवाजात, भिंतीकडे एक डोळा ठेवून, पंजाबरावांना सगळं समजावलं. खुशी म्हणजे टिप. टिप म्हणजे चिल्लर. उर्वशीला मूल नव्हतं. लेक गेल्यापासून गावात कोणापुढे त्यांनी तिचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि पहिल्यांदा उच्चारलं ते एका बरणीचा खुलासा करताना.

पंजाबरावांनी बरणी उचलून चिठ्ठी पुन्हा वाचली. “मले पटलं,” ते म्हणाले. “पण गावाले कोण पटवन? अर्ध्या गावानं पैसे टाकले. पोरगी खोटी हाय म्हटलं त मारतीन तुमाले. अन् आमच्या घरचीनं त कळंबच्या चिंतामणीले नवस बोलला, उपास धरले खुशीसाठी. तिले मी काय तोंडानं सांगू?”

घरची म्हणजे रुखमाबाई. एके काळी ढोल्यांचं विरजण आणि पंजाबरावांचं विरजण एकाच वाटीतून ये-जा करायचं. दुसऱ्या लाटेत सगळ्यांत आधी खिडकी लावली ती समोरच्या रुखमाबाईंनी, आणि पुढे ती उघडली तरी त्या खिडकीत कधी उभ्या राहिल्या नाहीत.

सरळ उपाय होता. एक पाटी लावायची: खुशी नावाची मुलगी नाही. पण पाटी लावली की लोक विचारणार, मग उर्वशीचं काय? आणि भिंतीमागे बसलेल्या बाईला कळणार की गल्लीने तिच्या मेलेल्या लेकीला एक मुलगी दिली, तिला आजारी पाडलं आणि तिच्या नावाने वर्गणीही काढली. भगवानरावांना हे सहन होणारं नव्हतं. नवा मसुदा सुचेपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं. सरकारी माणूस थांबला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन दिवसांत कुठल्याशा कचेरीतले एक साहेब आले. कोणती कचेरी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ज्याने आयुष्यभर लोकांना खिडकीबाहेर उभं केलं त्या भगवानरावांना आज आपल्याच खिडकीत उभं राहून ते विचारायचा धीर झाला नाही. साहेबांनी आधी कॉफी घेतली. मग बरणी फिरवून वाचली.

“सार्वजनिक वर्गणीची परवानगी?”

“साहेब, ही वर्गणी नाही. खुशी नावाचं कोणी नाहीच.”

साहेबांचा चेहरा उजळला. “म्हणजे नसलेल्या पेशंटच्या नावाने पैसे गोळा करता?”

“नाही, नाही. खुशी आहे, पण ती...”

“आहे ना? मग परवानगी दाखवा. आणि पेशंटचं आधार कार्ड.”

असेल तर परवानगी नाही, नसेल तर फसवणूक. भगवानरावांनी स्वतः अशा कैचीत किती शेतकरी पकडले असतील याची गणती नव्हती, पण आपली मान आत असताना ती कैची पहिल्यांदाच दिसली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, बरणी तूर्त हलवायला सांगितली आणि कॉफीचे पैसे न देता, म्हणजेच मित्रत्वाने, निघून गेले. भगवानरावांनी चिठ्ठी फाडली, जमलेल्या चिल्लरीसकट बरणी माळ्यावर ठेवली आणि पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुलाशाचा मसुदा लिहीत बसले होते. ‘उपरोक्त विषयान्वये’पर्यंत गाडी आली होती. जमनाबाई रोजच्यासारख्या चहाला आल्या. फळीवर बरणीच्या जागी नुसता गोल डाग होता.

“साहेब, खुशी नाई दिसून राह्यली?”

“गेली,” भगवानराव मान वर न करता म्हणाले. “काल संध्याकाळीच. सुटलो एकदाचे.”

जमनाबाईंनी गिलास खाली ठेवला. चहा न पिताच त्या गेल्या. रामधनच्या चहाचा भरलेला गिलास फळीवर राहिल्याचं यापूर्वी कधी झालं नव्हतं, पण भगवानराव ‘उपरोक्त’ मध्ये रमले होते.

खुलासा देऊन ते परतले तेव्हा बसस्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स बांधणं चालू होतं. वाढदिवस असेल म्हणून ते पुढे निघाले होते, पण ओळखीचं हसू दिसलं आणि थांबले. बरणीवरची मुलगी दोन माणसांएवढी मोठी होऊन त्यांच्याकडे पाहत होती. ‘कु. खुशी हिला भावपूर्ण श्रद्धांजली.’ हातातलं बिस्किट काढायचं छापणाऱ्याला जमलं नव्हतं, म्हणून त्यावर एक पांढरं फूल चिकटवलं होतं, तरी एक कोपरा दिसतच होता. खाली शोकाकुल म्हणून गावातल्या नऊ जणांचे फोटो, सगळे गॉगल लावलेले. शेवटचे पंजाबराव.

पंजाबराव फ्लेक्सखालीच उभे होते आणि त्यांचा चेहरा फ्लेक्समधल्यापेक्षा वाईट झाला होता.

“मले न इचारता टाकला फोटो,” ते म्हणाले. “भगवानभाऊ, तुमी घरी जा. लवकर जा. बाया गेल्या तुमच्या घरी. रुखमा कडू घास घेऊन गेली.”

भगवानराव धावले. साठी उलटलेला, खुलाशाची पोच हातात धरलेला माणूस भर बाजारातून धावताना विनोदीच दिसतो, आणि रस्त्यातले लोक हसले नाहीत, उलट बाजूला होऊन हात जोडू लागले, हे तर फारच वाईट होतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: कोकिळाला हे दुसऱ्यांदा सोसू द्यायचं नाही. तेव्हा कोणी आलं नाही, आणि आता आले ते नसलेल्या पोरीसाठी.

दारात चपलांचा ढीग होता. इतक्या चपला या दारात उर्वशीच्या लग्नानंतर कधी निघाल्या नव्हत्या. काउंटर उघडं, सलोनी कोपऱ्यात डोळे पुसत उभी, आणि रामधन आलेल्या गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होता, “आज बंद हाय, भाऊ.” त्याला सगळं माहीत होतं, तरी तो तसं म्हणत होता.

आत स्वयंपाकघरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे कोकिळाबाई, समोर रुखमाबाई, आणि त्यांच्यात ताटली: पिठलं, भाकर, कडेला कडुलिंबाची डहाळी. ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारणी हा घास आणून भरवतात. पाला जिभेला लागला की घरातल्या माणसाला रडू येतं, आणि रडू आलं की मग जेवण जातं.

भगवानराव उंबऱ्यातच म्हणाले, “थांबा. काहीतरी गैरसमज...”

“तुमी बसा,” कोकिळाबाई म्हणाल्या.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हा आवाज त्यांनी किती वर्षांनी ऐकला होता.

“रुखमाबाई, खुशी कोणी नाई,” कोकिळाबाई सावकाश म्हणाल्या. “चिल्लरची बरणी होती ते. उर्वशीले लेकरू नव्हतं. भिंतीमागून म्या सारं ऐकत होती.”

जमनाबाईंनी पदर तोंडावर धरला. रुखमाबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी ताटली हळूच मागे ओढली.

“चुकलं माय. आमी उगाच...”

“वापस नका नेऊ.” कोकिळाबाईंनी ताटलीच्या काठाला हात लावला. “उर्वशीचा राह्यला आहे. तो द्या.”

रुखमाबाईंनी ताटली पुन्हा पुढे सारली. “खिडकी लावून घेतली होती म्या,” त्या म्हणाल्या.

“पाह्यलं होतं.”

रुखमाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, त्यावर कडुलिंबाचं पान ठेवलं आणि कोकिळाबाईंच्या तोंडात घातला. मग उठून दुसरा घास उंबऱ्याशी बसलेल्या भगवानरावांना भरवला. भगवानरावांच्या एका हातात अजून पोच होती. पान दाताखाली आलं, कडू रस जिभेवर पसरला, आणि पाटबंधारे खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेला तो माणूस साऱ्या बायकांसमोर हुंदके देऊन रडला. उर्वशी गेली तेव्हा त्यांना घर सांभाळायचं होतं, म्हणून रडायचं राहून गेलं होतं. कोणी त्यांना थांबवलं नाही.

कोकिळाबाई घास चावत होत्या. खूप वेळ चावला, गिळला, डोळे पुसले, आणि ताटलीकडे पाहिलं.

“मीठ जास्त झालं, रुखमाबाई.”

“घाईत केलं वो,” रुखमाबाई म्हणाल्या, आणि पुढचा घास मोडायला घेतला.